दोन भोवरे

"अण्णा, जरा बघा की. भोवरं हाईत का अजून?"

दर सोमवारी कामावर येताच तो माझ्या टेबलापुढे डोके वाकवून उभा राहत असे. राजारामपुरीतल्या त्या छापखान्यात मी मुद्रिते तपाशीत असे, तो यंत्र चालवीत असे. नव्वदचे दशक सरत आले होते. त्याची पस्तिशी उलटली नव्हती, तोच टाळू उघडी पडू लागली होती.

ज्याच्या डोक्यावर दोन भोवरे, त्याची लग्ने दोन, हा आपल्याकडचा समज तुम्हांसही ठाऊक असेल. त्याचे दोन्ही टाळूवर शेजारीशेजारी होते. "भोवरं गेलं की दुसरी नवरी गेली," असे बाइंडर त्याला चिडवी. "पयलीच आवरंना, दुसरी कुठं ठिवू?" म्हणून तोही हसे. एवढ्यावरून, दुसऱ्या लग्नासाठीच तो केसांमागे लागला होता, असे छापखान्यातली जुनी मंडळी आजही सांगतात. तो आता नाही. तेव्हा उत्तर मला द्यावे लागते.

बिद्रीला त्याची आई होती. काचबिंदूने तिची दृष्टी गेलेली, वयामुळे आवाजांचाही घोळ होई. मुलांना ती हातांनीच ओळखी. रविवारी हा जाऊन तिच्या मांडीवर डोके ठेवी. बोटांना दोन भोवरे लागले, की ती म्हणे, "आलास व्हय, धाकल्या." ते भोवरे पुसले गेले, तर तिच्या लेखी धाकटा उरणार नव्हता. एवढीच त्याची हौस.

कांद्याचा रस झाला. महिनाभर यंत्राजवळ कोणी फिरकेना. माक्याचे तेल झाले. अखेर मीच त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी टाळूला रोज लावायचे औषध दिले, काही महिने धीर धरा म्हणाले. लावणे थांबवले, तर आलेले केसही टिकणार नाहीत, हेही सांगितले. मागचे केस काढून टाळूवर रोवण्याची शस्त्रक्रियाही समजावली.

"भोवरा बसतो का त्यात?" याने विचारले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "केस बसतील. भोवऱ्याचं काही सांगता येत नाही."

भोवरे आता बोटांना लागत नव्हते, औषधाला वेळ लागणार होता आणि आई थकत चालली होती. म्हणून त्याने केसांचा टोप आणला. त्या रविवारी मी सोबत होतो. सांगोवांगी बोलत नाही. तिची बोटे त्या दाट केसांतून फिरली, टाळूवर थांबली, पुन्हा फिरली. मग तिने हात काढून घेतला.

"बसा, पावणं. माझा धाकला येईल आत्ता."

"व्हय, येईल की," तो म्हणाला. उठून भिंतीला टेकून बसला आणि पाहुण्यासाठी आलेला चहा त्याने पाहुण्यासारखाच प्याला.

टोप फसल्यावर त्याने नाद सोडला, असेही कोणी म्हणतात. साफ चूक. टोप गेला, औषध चालूच राहिले आणि सोमवारचा प्रश्नही. एका सोमवारी त्या उघड्या टाळूवर मला बारीक लव दिसली, एका जागी किंचित वळलेली.

"एक दिसतो आहे," मी म्हणालो.

दिवसभर त्याचा हात डोक्यावरून खाली आला नाही. पण पुढच्या रविवारपर्यंत आई राहिली नाही.

दहाव्याला नदीकाठी न्हाव्याने त्याचे डोके भिजवले आणि वस्तरा टाळूवर टेकवला. तेव्हा मान न हलवता तो हळूच म्हणाला,

"दमानं, दादा. नवं हाय त्ये."