माझ्या कर्जाचे जामीनदार

सरकारने शैक्षणिक कर्ज माफ करावं, यावर मी गावातल्या चहाच्या टपरीवर तासन्‌तास बोललोय. बड्या कारखानदारांची कर्जं सोडता, मग आमचीच का वसूल करता? कर्ज काढून शिकायला लावता आणि शिकून नोकरी नाही, मग फेडायचं कशातून? ऐकणारे माना डोलवायचे. हे सगळं मला आजही खरं वाटतं. फक्त एक गोष्ट मी टपरीवर काढत नव्हतो. मला नोकरी होती.

सुरतेत होती, पगार वेळेवर व्हायचा, आणि दीड वर्ष मी बँकेचे हप्ते भरलेही होते. मग निवडणूक जवळ आली आणि विद्यार्थ्यांची कर्जं माफ होणार, अशी कुजबूज सुरू झाली. आमच्याकडे माफीची नुसती कुणकुण लागली की भरणारा येडा ठरतो. शेतीच्या माफीत ज्यांनी इमानदारीत भरलं ते हात चोळत बसले, हे सगळ्यांनी पाहिलेलं. मी म्हटलं, आपण कशाला येडं ठरायचं? हप्ते बंद केले आणि मोटारसायकल घेतली, तीही हप्त्यावरच. तिचा मात्र एकही हप्ता चुकवला नाही, कारण गाडी उचलून नेतात. डिग्री कोण उचलून नेणार?

कर्जाला शेजारचे काका जामीन होते. शाळेत शिपाई. बँकेला पगारदार माणसाची सही हवी होती आणि वडिलांकडे नुसतं शेत. काकांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकून सही केली, वर गल्लीतला पहिला इंजिनिअर म्हणून आम्हालाच चहा पाजला.

हप्ते थकल्यावर बँकेची पत्रं त्यांनाही यायला लागली, इंग्रजीत. काकांना वाटायचं, माझीच पत्रं चुकून त्यांच्याकडे येतात. शनिवारी मी नंदुरबारला उतरून एसटीने घरी आलो की ते पत्र घेऊन हजर, न फोडता. मी खिशात घालायचो आणि म्हणायचो, काही नाही काका, नेहमीचंच आहे. असं तीनदा झालं. लिहायलाही लाज वाटते, पण तिन्ही वेळा मी हसत म्हटलं होतं.

पुढे काकांच्या मुलीचा धुळ्याला नर्सिंगला नंबर लागला. काका कर्जासाठी त्याच बँकेत गेले. साहेबांनी कॉम्प्युटर पाहिला आणि सांगितलं, ज्याला तुम्ही जामीन आहात त्याचं खातं थकलंय, तुम्हाला कर्ज मिळणार नाही.

त्या शनिवारी ते ओट्यावर येऊन बसले. मी उभाच राहिलो. आता शिव्या बसणार, आणि बसायलाच हव्यात, असं वाटत होतं.

"तू तं शिकेल शे भाऊ," ते म्हणाले. "एवढं सांग, माफी कवय येई? पोरनी फी पंधरा तारीखलोंग भरनी शे."

माफी कधी येईल असं विचारण्याइतका या माणसाने माझ्या टपरीवरच्या बडबडीवर भरवसा ठेवला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग बोललो. माफी येईल की नाही मलाच ठाऊक नाही, आणि भरायला माझ्याकडे पैसे होते, असं सांगून टाकलं. काकांनी एवढंच विचारलं, आता भरलं तर बँकेच्या यादीतून माझं नाव निघेल का?

थकबाकी भरा, नाव निघेल, असं बँकेतही सांगितलं. मी कंपनीतून उचल घेतली, आईने बांगड्या मोडल्या, होतं नव्हतं ते भरलं. भरल्यावर कळलं की नाव निघायला महिना-दीड महिना लागतो.

पंधरा तारीख गेली, जागाही गेली. मुलगी जवळच्याच लोणखेड्याच्या कॉलेजात बी.ए.ला जाऊ लागली.

ज्याच्या हातात डिग्री आहे आणि खिशात दमडी नाही, त्याचं कर्ज माफ व्हावं, असं मी आजही म्हणेन. पण माझ्यासारखा लबाड त्याच रांगेत येऊन उभा राहतो, त्याचं काय करायचं, हे मला सांगता येत नाही.

खातं सुरळीत झाल्याचं बँकेने कळवलं तेव्हा मी काकांकडे गेलो. मुलगी आतल्या दारात उभी होती. काकांनी ऐकून घेतलं, माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बरं जयं भाऊ. तुन्हं नाव तं साफ जयं."

ते मनापासून म्हणत होते. मी दाराकडे बघितलंच नाही.