डाव्या कानामागची गाठ आणि गोदामातला बँड

"ही कॅन्सरची गाठ नाही," डॉक्टर म्हणाल्या, आणि माझ्या बायकोने, रिबेकाने, इतका वेळ घट्ट धरलेला माझा हात सोडला. मग त्या पुढचं बोलल्या. "पण ती काढावी लागेल. काढल्यावर डाव्या कानाने ऐकू येईल, अशी आशा ठेवू नका."

हे संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनच्या हॉस्पिटलात घडलं. डॉक्टर इजिप्तच्या होत्या, मृदू बोलायच्या. एमआरआयची फिल्म उजेडावर धरून त्यांनी एक पांढरा ठिपका दाखवला. आजाराचं नाव अकूस्टिक न्यूरोमा. कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या आवरणावर हळूहळू वाढणारी गाठ. चेहरा हलवणारी नस तिला अगदी चिकटून जाते, म्हणून ऑपरेशनमध्ये तिलाही धोका असतो.

"हे गिटार मोठमोठ्याने वाजवतात, त्यामुळे झालं का?" रिबेकाने विचारलं.

"नाही. संगीताने ही गाठ होत नाही."

वर्षभर आमच्या घरात याच एका गोष्टीवरून भांडण होतं.

आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. नव्वदच्या दशकात मी दुबईच्या जबल अली बंदरात एका शिपिंग कंपनीत नोकरीला होतो. आपण ज्यू आहोत हे तिथे कुणाला सांगत नसू. शुक्रवारी संध्याकाळी पडदे ओढून रिबेका शब्बाथचा, म्हणजे आमच्या शनिवारच्या पवित्र दिवसाचा, दिवा लावायची.

आणि दर शुक्रवारी दुपारी एका रिकाम्या गोदामात आमचा बँड वाजायचा. हेवी मेटल: कर्कश गिटार, छातीत धडधडणारा ड्रम, घशातून काढलेला घोगरा आवाज. गिटार आणि गाणं माझं. बगदादचा नबील ऊद वाजवायचा, ते अरबांचं पोटफुगं तंतुवाद्य. एकदा मी सहज माझ्या आईची एक हिब्रू प्रार्थना गुणगुणत होतो. नबील वाजवायचा थांबला.

"हबीबी, ही चाल माझ्या आजोबांना येत होती," तो म्हणाला. "त्यांचे उस्ताद ज्यू होते. एके वर्षी बगदादचे जवळजवळ सगळे ज्यू देश सोडून गेले. आजोबा मरेपर्यंत त्यांची आठवण काढायचे."

मी कोण ते त्याला कळलं असावं, पण त्याने पुढे काही विचारलं नाही. आम्ही ती प्रार्थना मेटलमध्ये बसवली. सुरुवातीला एकटा ऊद, मग गिटार, मग मी. ऐकणाऱ्यांना शब्द कळत नसत. कुणी विचारलं तर नबील सांगायचा, "जुनी भाषा आहे."

पहिलं लक्षण टेलिफोनवर जाणवलं. रिसीव्हर डाव्या कानाला लावला की माणूस भिंतीपलीकडून बोलल्यासारखा वाटायचा. मळ असेल म्हणून मी तेल घातलं. मग शिटी सुरू झाली, बारीक, न थांबणारी. चालताना तोल जाऊ लागला. ज्यांना असं काही होत असेल त्यांना माझं सांगणं आहे, एकाच कानाचं ऐकू येणं कमी झालं तर थांबू नका. ऑडिओग्राम करून घ्या, म्हणजे कोणता आवाज किती ऐकू येतो त्याची तपासणी. दुखत नाही. मी टाळत राहिलो, कारण डॉक्टर बँड बंद करायला सांगतील ही भीती होती.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी रिबेकाला माझ्यासाठी हिब्रू प्रार्थना म्हणायची होती. पण वॉर्डात इतर पेशंट होते, त्यांचे नातेवाईक होते. ती नुसती चादर सारखी करत राहिली. नबीलच्या ते लक्षात आलं. त्याने पलंगाभोवतीचा पडदा ओढला आणि बाहेर उभा राहून शेजारच्या म्हाताऱ्याशी फुटबॉलवर मोठमोठ्याने वाद घालू लागला.

रिबेका माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली.

"तिकडून ऐकू येत नाही मला," मी म्हणालो.

"माहीत आहे. पण याच कानात म्हणते. उद्यापासून त्याला काहीच मिळणार नाही."

मला शब्द ऐकू आले नाहीत. तिचा श्वास तेवढा कळत होता.

गाठ पूर्ण निघाली. कान गेला. चेहऱ्याची डावी बाजू खाली ओघळली. डॉक्टर म्हणाल्या, "नस तुटलेली नाही, पण दुखावली आहे. काही सुधारेल, सगळं नाही." डोळा मिटत नव्हता. दिवसा थेंब घालायचे, झोपताना पापणी चिकटपट्टीने बंद करायची. चहा ओठातून गळायचा. मुलगी शाळेतून आली की दारातच थबकायची. "डॅडी, डज इट हर्ट?" एवढंच विचारायची आणि आत जायची.

शिटी मात्र गेली नाही. कान गेल्यावर ती तरी जाईल असं मी धरून चाललो होतो.

काही महिन्यांनी गोदामात गेलो. ड्रम सुरू झाला आणि मला कुठून काय येतंय ते कळेना. सगळं एकाच बाजूने अंगावर कोसळत होतं, गढूळ, एकमेकांत मिसळलेलं. नबीलची बोटं दिसत होती, ऊद ऐकू येत नव्हता. मी बाहेर येऊन कंपनीच्या बसजवळ सावलीत बसलो. थोड्या वेळाने आतलं वाजणं बंद झालं. बँड संपला तो तिथेच.

पुढे नबीलला स्वीडनचा व्हिसा मिळाला. निघण्याआधी तो घरी आला आणि माझ्या उजव्या हाताला बसला.

"ती प्रार्थना मला शिकव," तो म्हणाला. "चाल येते मला, शब्द येत नाहीत."

मी एकेक शब्द सांगू लागलो. ब आणि म म्हणताना माझे ओठ अजून नीट जुळत नव्हते, डावीकडून हवा निसटायची. नबीलने ते शब्द तसेच उचलले, त्या हवेसकट.

"नबीलभाई, तो शब्द असा नाहीये," रिबेका म्हणाली.

मी हाताने तिला थांबवलं आणि पुढची ओळ सांगितली. त्याने तीही माझ्यासारखीच म्हटली. मग डोळे मिटून सगळी प्रार्थना सलग गायली.

चेहरा आता बराच सुधारलाय. रिबेका चालताना न सांगता उजवीकडे येते, आणि मी अजून कधी तिचे आभार मानलेले नाहीत, ते इथे मानतो. गिटार विकून टाकली. पण स्वीडनमधल्या कुठल्याशा खोलीत नबील ती प्रार्थना गात असेल, माझ्या वाकड्या ओठांच्या उच्चारात, हा विचार मनात आला की तो दिवस फार जड जात नाही.