सी ड्राइव्हला जागा किती?

पांढरकवड्याच्या बसस्टँडमागे दीपाचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. लग्नाच्या शूटिंगमध्ये नवरीच्या मावशीचं रडणं कुठे कापायचं आणि कुठे मनसोक्त वाहू द्यायचं, हे तिच्याइतकं तालुक्यात कुणाला कळत नाही. अशी ही ठाण मांडून काम करणारी दीपा त्या दिवशी सकाळपासून खुर्चीला टेकली नव्हती.

कारणच तसं होतं. जन्मभर गावच्या दंडार या लोकनाट्यात राजा होऊन नाचलेल्या पंजाबरावांचे गुडघे यंदा गेले. म्हणून संध्याकाळी गावात मोठ्या पडद्यावर, दीपाने मागच्या साली टिपलेला त्यांचा खेळ दाखवायचा होता. पण कॉम्प्युटरवर व्हिडिओ तयार होताना नेमका राजाच्या प्रवेशापाशी अडे. सी ड्राइव्ह भरला!

दुपारी धाकटा भाऊ संघर्ष पाचशे जीबीची नवी डिस्क घेऊन आला. टिपलेला खेळ जुन्या डिस्कमध्ये सुखरूप होता. आता नव्या डिस्कवर विंडोज टाकायचं, आणि पडद्यावर प्रश्न उभा: सी ड्राइव्हला जागा किती?

"साठ. पहिल्यासारखी," संघर्ष म्हणाला.

"दोनशे."

"ताई, विंडोज काय नवरदेव आहे? दोनशे कायले पाह्यजे त्याले?"

त्याची भीती खोटी नव्हती. मागे एकदा सी ड्राइव्ह फॉरमॅट करताना दीपाने डेस्कटॉपवर, म्हणजे सीमध्येच, ठेवलेलं अख्खं लग्न पुसलं गेलं होतं. तेव्हापासून सीवर त्याचा राग होता.

बाकावर चहा पीत बसलेले पंजाबराव म्हणाले, "काय बाप्पा, बहीणभावाची वाटणी होऊन राह्यली का?"

दीपा हसली, आणि हसता हसता थांबली. तिला मागच्या सालच्या दंडारीतला कापडी पडदा आठवला. पडद्यामागे वीतभर जागा, राजाचा शेला बांबूत अडकलेला, आणि समोर ढोलकीवाला बिचारा वेळ मारून नेतोय!

"काका, तुमी त्या दिवशी पडदा पुढं काहून सरकवला होता?"

"मंग? कपडे का लोकायच्या मांडीवर बसून बदलू? मागं हात हालला तं राजा बाहेर येईन ना!"

"ऐकलं?" दीपा भावाकडे वळली. "सीमध्ये विंडोज एकटं नाही राहत. व्हिडिओ बनतानी आपलं सॉफ्टवेअर कच्च्या फायली तिथंच ठेवते, तिथंच कपडे बदलते. साठमध्ये त्याचा शेला अडकते रे!"

"अन् तू पुन्हा डेस्कटॉपवर पसारा मांडला तं?"

"तं माहा कान धर."

संघर्षने सीला दोनशे दिले, उरलेली जागा डी ड्राइव्हला. विंडोज बसलं, सॉफ्टवेअर बसलं, आणि व्हिडिओची हिरवी पट्टी पुढे सरकू लागली. पट्टी नेहमीच्या जागी आली. दीपाने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं. पट्टी जरा रेंगाळली... आणि सरळ पुढे गेली!

"निंघाला!" पंजाबराव गुडघे विसरून उभे राहिले. "राजा निंघाला!"

संघर्षचा हात मात्र ताईच्या कानाशी तयारच होता. "व्हिडिओ कुठं ठेवून राह्यली?"

"डीमध्ये!"

तेव्हा कुठे त्याने हात खाली घेतला, आणि सकाळपासून पहिल्यांदा दीपा खुर्चीत बसली.