मुका सिनेमा आणि कानाचं मशीन

मागच्या रविवारी मी सिनेमाला गेले, आणि तेव्हापासून सकाळी बागेत जायची मला लाज वाटते.

ज्यांच्यासोबत गेले, ते मूळचे फुलंब्रीचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, आता इथं मुलाकडे राहतात. मीही विधवा, शाळेतून निवृत्त झालेली. कॉलनीच्या बागेत एकाच बाकावर बसता बसता ओळख झाली. ते मला बाई म्हणतात. ताई म्हणायचं त्यांनी टाळलं, आणि मीही कधी भाऊ म्हटलं नाही. एवढ्यावरून काय ते समजावं. त्यांना ऐकू कमी येतं, पण मशीन नसलं तरी अडत नाही. "तुमचं बोलणं मला व्हटावरूनच कळतंय," म्हणतात.

रविवारी जुन्या मुक्या सिनेमाचा फुकट खेळ होता. "मुका म्हंजी आपल्यासाठीच की," म्हणत त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या मशीन काढून खिशात टाकलं. उगाच सेल कशाला जाळायचा?

पडद्यावर एक म्हातारा विधुर होता. एका म्हाताऱ्या बाईच्या फाटकापाशी येऊन टोपी काढायचा आणि दर वेळी कशात तरी अडकून आपटायचा. मधूनमधून इंग्रजी पाट्या यायच्या. माझं इंग्रजी सावकाश चालतं, म्हणून ते मला मराठीत सांगायचे. ती गोरी बाई फुलंब्रीची भाषा बोलायला लागली आणि मी पदर तोंडाला लावून हसत सुटले. आपण कुजबुजतोय असं त्यांना वाटत होतं. ऐकत मात्र आजूबाजूच्या सगळ्या रांगा होत्या.

मग म्हातारा गुडघ्यावर बसला. पाटी आली.

"लई दिवस झाले, म्हणीन म्हणीन म्हणतोय. दोघांचा च्या एकाच चुलीवर होऊ द्या. लोक हसतील, हसू द्या. तुमचं काय म्हणणं हाय, बाई?"

अख्खं सभागृह हसलं. पाटीवर दोनच शब्द होते. तेवढे मलाही वाचता आले होते.

पुढच्या रांगेत आमच्या कॉलनीतली एक शेजारीण होती. ती वळून म्हणाली, "तुमच्यासोबत आहेत का हो हे?"

"नाही," मी म्हणाले. "मी ओळखत नाही यांना."

पडद्याचा उजेड माझ्या तोंडावर होता. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून दटावलं, आणि स्वतःची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

त्यानंतरच्या पाट्या त्यांनी वाचल्या नाहीत. शेवटी त्या दोघांचं लग्न झालं असावं, कारण लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मांडीवरच्या पिशवीचे बंद पिळत खाली बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बाहेर आल्यावर त्यांनी मशीन कानात बसवलं आणि माझ्यासाठी रिक्षा थांबवली. येताना एकाच रिक्षात आलो होतो. आता ते बाजूला सरकून उभे राहिले.

"बाई, मशीन काढल्यालं होतं," ते म्हणाले. "मला काय बी ऐकू आलं नाय."

मी त्यांना काही विचारलंच नव्हतं.