दाजींच्या ट्रकची थंडी

दाजी मंगळवारी सकाळी गेले. ट्रक दारात उभा होता.

माझ्या बहिणीच्या या नवऱ्याइतका ट्रकवर जीव लावणारा, आणि त्यापायी ट्रकला जेरीस आणणारा माणूस अख्ख्या मुरगुडात झाला नसेल. चावी फिरवली की स्टार्टर कण्हायचा आणि बॅटरी मान टाकायची. दाजींचं निदान ठरलेलं, “थंडी बाधलीया.” मग बॅटरीवर वाकळ, तीही भर उन्हाळ्यात! चहाची टपरी, लग्नाचा मांडव, देवदर्शन, सगळं ते उतार बघून निवडत. उतारावर ट्रक ढकलायला माणसं शोधावी लागत नाहीत. गारगोटीला माझ्याकडे आले की ट्रक लांब चढावर लावून चालत यायचे आणि वर मलाच ऐकवायचे, “पावणं, घर बांधताना जागा बघायची की जरा!”

शेवटी मी पुस्तक वाचून, मीटर घेऊन गेलो. इंजिन चालू असतानाही बॅटरीचं व्होल्टेज चढत नव्हतं. डायनामो वीज करत होता, ती बॅटरीपर्यंत पोचत नव्हती. म्हटलं, “दाजी, बॅटरीची अर्थची वायर चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला बसते तिथं बघू या.”

“तिला काय धाड भरलीया? दर दसऱ्याला मी सोता रंगवतोय.”

“बोल्टाखालीसुद्धा?”

“मग! वरवर रंगवायला ती काय सरकारी कचेरी हाय?”

पूजेआधी बोल्ट सोडवून ते लोखंडाला ऑईलपेंट देत आणि वायर त्याच्यावरच आवळत. रंगातून वीज जात नाही, हे मी नाना परींनी सांगितलं. खरवडायला पॉलिश पेपर काढला, तर ट्रकपुढे आडवे उभे राहिले. “पूजेच्या रंगाला हात लावायचा न्हाय. तुमची गाडी पुस्तकातली, माझी मुरगूडची.”

दाजी वारल्यावर उसाचा हंगाम आला. ट्रक विकायचा नाही, चालवायचा, असं ताईनं ठरवलं. तिनं ठेवलेला ड्रायव्हर म्हणाला, “वैनी, कारखान्याच्या रांगेत सारखी बंद-चालू करावी लागतीया. ही गाडी मला जमायची न्हाय. इकून टाका.”

ताई माझ्याकडे बघत राहिली. मी बोल्ट सोडवला. केशरी पापुद्रा निघाला, खाली हिरवा, त्याखाली पुन्हा केशरी. किती दसरे होते कोण जाणे. लोखंड चकाकलं तेव्हा वायर आवळली, बॅटरी चार्ज करून आणली. ताईनं चावी फिरवली. ट्रक लगेच सुरू झाला.

“एवढंच हुतं व्हय?” ती म्हणाली. इंजिन तिनं बराच वेळ बंद केलं नाही.

ट्रक ताईकडे आहे. हंगाम चालू आहे. रविवारी मी जातो. भांडायला कोणी नाही.