फीपुरता नागरी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बारामतीच्या एका महाविद्यालयात हिशेबशास्त्र शिकवत होतो आणि एका विद्यापीठात वाणिज्य विषयात पीएच.डी. करत होतो. खर्चाचा अंदाज मी आधीच काढला होता. त्यात फी, एसटी, टंकलेखन, बांधणी सगळं धरलं होतं. मार्गदर्शकांच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं, एवढं मात्र धरायचं राहिलं. प्रबंधाचं पहिलं प्रकरण होण्याआधीच आमच्या कळंबच्या शेतातल्या डाळिंबाच्या चार पेट्या मार्गदर्शकांकडे पोचल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी फी वाढली. बायकोनं सरळ सांगितलं, "माफी मिळाली तर शिका. नाहीतर आता पुरे. पोरीला यंदा शाळेत घालायचंय."

ग्रामीण विद्यार्थ्यांना फीमाफी होती. मी अर्ज केला. तो फेटाळला गेला. राहतो बारामतीत, म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीत, म्हणजे मी नागरी.

त्याच आठवड्यात विभागप्रमुखांनी बोलावलं. पाहणी समिती येणार होती. आमच्याकडे समाजाच्या सगळ्या थरांतले विद्यार्थी आहेत, हे तिला दाखवायचं होतं.

"तुम्ही आमचे ग्रामीण," ते म्हणाले. "घरात मेंढरं होती ना? मग येताना घोंगडं आणा. खांद्यावर शोभून दिसेल."

मेंढरं आजोबांनीच विकून टाकली होती. घोंगडं मात्र होतं, आबांच्या, म्हणजे वडिलांच्या खाटेवर. ते मागून आणलं.

पाहणीच्या दिवशी विभागात तक्ता लावला होता. संशोधक आम्ही सहा. तक्त्यातली बेरीज अकरा. बारामतीतल्या कापड दुकानदाराची मुलगी आमच्यात होती. ती 'महिला', 'अल्पसंख्याक' आणि 'व्यापारी' अशी तीन रकान्यांत बसली होती. मी 'ग्रामीण' आणि 'पशुपालक' अशा दोन.

ती हळूच म्हणाली, "सर, आमच्या दुकानात कापडाचा एक तागा तीनदा मोजला तर अब्बा नोकराला घरी पाठवतात."

"इथं बढती मिळते," मी म्हणालो.

समितीतल्या एक बाई माझ्यापाशी थांबल्या. घोंगड्याकडे बघून त्यांनी विचारलं, "ग्रामीण भागातून आलात?"

बायकोचे शब्द डोक्यात होते. म्हटलं आता गप्प बसलो तर शिकणं इथंच संपलं.

"पाहणीपुरता ग्रामीण आहे, मॅडम. फी भरताना नागरी असतो."

विभागप्रमुख मोठ्यानं हसले. "आमचे विद्यार्थी फार विनोदी!"

बाई हसल्या नाहीत. काय ते विचारून त्यांनी माझा फेटाळलेला अर्ज मागवून घेतला आणि उभ्यानंच वाचला. मग तक्त्यातल्या 'ग्रामीण' या रकान्यावर बोट ठेवून विभागप्रमुखांना विचारलं, "हे तेच का?"

आठ दिवसांत माफी मंजूर झाली. आदेशात कारण होतं, 'विशेष बाब'. नियम चुकला होता असं त्यात कुठंही नव्हतं, आणि माफी त्या एकाच वर्षाची होती.

रविवारी घोंगडं परत करायला कळंबला गेलो. आबांनी ते झटकून दोन्ही बाजूंनी तपासलं.

"झाली का माफ?"

"झाली."

"मंजी औंदा तू खेड्यातला हायेस."

"औंदापुरता."

"आन फुडल्या साली?"

"पुढच्या साली पुन्हा अर्ज."

आबांनी घोंगड्याची घडी घातली आणि उशाखाली सारली.

"मग फुडल्या टायमाला भाडं ठरवूनच ने. फुकाट हितलं कायबी न्हाय मिळायचं त्यास्नी."