राजीखुशीनं दिलेली किडनी

"दोन्ही किडन्या निकामी झाल्यात," संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि माझ्या बायकोचा रिपोर्ट माझ्याकडं सरकवला. शमीम शेजारीच बसल्ती. तिनं विचारलं, "गोळीनं भागंल का?" डॉक्टर न्हाई म्हणाले. मला त्यांचा राग आला. एवढं मोठं सांगताना माणसानं आधी जरा खाकरावं तरी.

आम्ही बदनापूरचे. मी मोसंबीचा टेम्पो चालवतो. शमीमचे पाय सुजायचे, सकाळी तोंड फुगायचं, जेवण नकोसं व्हायचं. आम्ही समजलो, अशक्तपणा. ब्लड प्रेशर कित्येक वर्षांपासून वाढलेलं होतं आणि ते कुणी मोजलंच नव्हतं. रिपोर्टात क्रिएटिनिन वाढलेलं लिहिल्तं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी तो गाळून लघवीतून बाहेर टाकते. गाळणीच गेली तर कचरा अंगातच फिरतो. तुमच्या घरात कुणाचे पाय सुजत असतील तर हे वाचायचं थांबवा आणि आधी बीपी मोजून या.

जालन्याला डायलिसिस सुरू झालं, म्हणजे मशीननं रक्त धुणं. लघवीच होत न्हाई तर पाणी जाणार कुठं? म्हणून पाणी मोजून. मे महिन्यात ती नुसती चूळ भरायची आणि थुंकून टाकायची. मी टेम्पोत जाऊन चोरून प्यायचो. भेटायला येणारा जो तो मोसंबी घेऊन यायचा. आपल्याकडं आजाऱ्याला दुसरं काय नेतात? पण त्यातलं पोटॅशियम अशा पेशंटचं हृदय बंद पाडू शकतं. पाहुण्याला तोंडावर कोण सांगणार? मी पिशवी घ्यायचो आणि शेजारी वाटून टाकायचो.

डॉक्टर म्हणाले, "किडनी बसवली तर चांगलं. माहेरचं कोण देईल?" तिची आई वारलेली, भावाला शुगर. मी म्हणलं, "माझी चालंल का?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "बायका नवऱ्याला देतात. नवरे सहसा विचारत नाहीत," ते म्हणाले. मी म्हणलं, मी विचारून राह्यलो ना, तपासा.

माझा रक्तगट ओ निघाला, कुणालाही चालणारा. मंग क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त एकत्र करून ते एकमेकाशी भांडतं का ते बघायचं. भांडलं न्हाई. निकाह झाल्यापासून आम्ही दोघं रोज भांडत आलो आणि रक्त मात्र गुण्यागोविंदानं नांदलं. हे सांगितल्यावर शमीम हसली. त्या उन्हाळ्यातलं तेवढंच तिचं हसू मला आठवतं.

घरी अम्मीला, माझ्या आईला, सांगितलं. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "बीवी दूसरी मिलती रे. मैं बेटा कां से लाऊं?" शमीम पलीकडच्या खोलीत होती, मधी नुसता पत्रा. अम्मीला मी वाईट म्हणणार न्हाई, आईला तेच सुचणार. पण त्या दिवशी मला तिचं तोंड बघवेना.

दवाखान्याची एक समिती असते. कुणी दबाव आणला का, पैसे दिले का, हे ती तपासते. दोघांना वेगवेगळं आत बोलावतात, कॅमेरा चालू असतो. साहेबांनी विचारलं, "राजीखुशीनं देताय?" मी म्हणलं, "बिलकुल राजीखुशीनं." छाती पुढं काढून बाहेर आलो. मंग शमीम आत गेली. तिनं सांगितलं, "मला नको. मी न्हाई घेणार." झालं, विषय तिथंच थांबला.

परत येताना माझं डोकं तापल्तं. बदनापूर आल्यावर तीच बोलली, "तुमकू कुछ हुआ तो छोकरियांकू कोन देखता?" आम्हाला दोन पोरी. मी म्हणलं, "आणि तू गेलीस तर?" तिनं ओढणी तोंडावर घेतली.

त्यानंतर एका डायलिसिसला मी माल घेऊन बाहेरगावी गेल्तो, म्हणून अम्मी तिच्यासोबत गेली. मशीनवर शमीमचं बीपी एकदम पडलं, डोळे फिरले. शुद्धीवर येताना ती अम्मीचा हात धरून "अम्मी, पानी" म्हणत राहिली आणि अम्मीला ते देता येईना. हे मला नर्सनं नंतर सांगितलं. मी घरी आलो तेव्हा अम्मी तिच्या पायथ्याशी बसल्ती. "मैं बोली सो भूल जा," ती शमीमला म्हणत होती. "ले ले. तू रही तो ये भी रहता." ये म्हणजे मी.

दुसऱ्यांदा समितीपुढं शमीमनं हो म्हणलं.

ऑपरेशननंतर जागा झालो तर बरगडीखाली पहार घातल्यासारखं दुखत होतं. देणाऱ्यालाही दुखतं, आणि चांगलंच दुखतं, हे मला आधी कुणी बोललं नव्हतं. मी ओरडलो. तुम्हीही ओरडा, लाजू नका. तेवढ्यातही मी पहिलं विचारलं, "तिला लघवी झाली का?" नर्स हसली, "पिशवी भरली." डॉक्टरांनी शमीमला सांगितलं, "आता पाणी प्या, भरपूर." तिनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि रडत रडत प्याली.

पुढं जवळपास दोन वर्षं ती आधी बंद असलेली डाळ खायची, टमाटे खायची, माझ्याशी भांडायची. शरीरानं दुसऱ्याच्या किडनीवर हल्ला करू नये म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागतात. त्या गोळ्यांनी अंगातली लढायची ताकदच कमी होते. हिवाळ्यात खोकला धरला. फंगल इन्फेक्शन, म्हणजे फुप्फुसात बुरशी. आम्ही जल्दी नेलं, तरी ती गेली. डॉक्टर म्हणाले, "किडनी शेवटपर्यंत बराबर चालली." आधी वाटलं यांना मारावं. मंग त्यांच्याच गळ्यात पडून रडलो.

शमीमला दफन केलं तेव्हा माझाही एक तुकडा मातीत गेला. मय्यतीला आलेल्या एकानं म्हणलं, "तुझी तर वायाच गेली रे." मी त्याला म्हणलं, "तुझी बायको गेली की दोन वर्षं जास्तीची मागून बघ, कोण देतं ते." मला दोन वर्षं मिळाली. डॉक्टरांची मेहरबानी, अम्मीची मेहरबानी.

तुम्ही देणार असाल तर जरूर द्या, पण वाईटात वाईट काय होऊ शकतं ते आधी डॉक्टरांना विचारा. आणि एकदा दिली की ती तुमची राहिली न्हाई.

वर्षातून एकदा माझी सोनोग्राफी होते. मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले, राहिलेली किडनी आकारानं वाढली आहे, दोघींचं काम एकटीच करते. मी म्हणलं, तिला दुसरा इलाज काय? सकाळी टेम्पो काढायच्या आधी मी धाकटीची वेणी घालतो. वाकडीच येते. ती आरशात बघते आणि तशीच शाळेत जाते.